ट्रेलरवरची पहिली केबिन-बोट निवडताना
कोल्हापुरातून समुद्रावर बोट न्यायची म्हणजे आंबा किंवा फोंडा असा एखादा घाट उतरणे आलेच. म्हणून पहिली बोट घेताना केबिनच्या देखणेपणाआधी वजन पाहावे. बोट, इंजिन, इंधन, सामान आणि ट्रेलर यांचे एकत्रित वजन गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी असावे, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, कारण उतारावर मागचा भार गाडीला पुढे ढकलतो.

जुनी फायबरची बोट असल्यास, इंजिन जिथे बसते ती मागची फळी हातोडीच्या दांड्याने जागोजागी ठोकून पाहावी. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतले लाकूड कुजलेले असू शकते आणि ती दुरुस्ती फार महागात पडते. झोपायला जागा पुरते का, हे केबिनमध्ये स्वतः आडवे होऊन पाहावे.