आजी-आजोबा आणि बाबागाडीसह ओसाका: एका दिवसाची भटकंती नि खरेदी कशी जमवावी

सकाळी किल्ला, दुपारी काइयुकान मत्स्यालय, मधे उमेदात खरेदी, संध्याकाळी दोतोनबोरी हा कालव्याकाठचा झगमगता भाग. अशा याद्या घेऊन लोक पुण्या-मुंबईहून येतात आणि दुपारी तीनला कुठल्या तरी फलाटावर एकमेकांवर चिडलेले असतात. सोबत आजोबांचे गुडघे आणि चार वर्षांचं पोर असेल तर किल्ला किंवा मत्स्यालय, दोन्हींतलं एकच धरा. मी किल्ला म्हणेन. आजचा मुख्य बुरूज १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, त्यामुळे आत लिफ्ट आहे. रायगड चढलेल्या माणसाला तिथला चढ चढ वाटणारही नाही.

'इकोका' हे रेल्वे-मेट्रोत टेकवून जायचं पैसे भरलेलं कार्ड प्रत्येकाचं वेगळं घ्या, एका कार्डावर दोघं जात नाहीत. मोठ्या माणसासोबतचं सहाच्या आतलं पोर फुकट. सहा ते अकरा वयाला अर्धं तिकीट, पण मुलांचं कार्ड मशीनवर नाही, जेआरच्या (जपान रेल्वेच्या) तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून मिळतं.

आता उमेदा. जो कोणी 'सोपं आहे हो, पाट्या बघत जा' म्हणेल, तो तिथे एकटा आणि रिकाम्या हाताने गेलेला असतो. उमेदा म्हणजे एक स्थानक नव्हे. जेआरचं 'ओसाका', हान्क्यू आणि हान्शिन या खासगी रेल्वे कंपन्यांची 'ओसाका-उमेदा' नावाची दोन, मेट्रोची उमेदा, हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा अशी तीन, शिवाय दक्षिणेला किताशिन्ची. ही सगळी जमिनीखालच्या बाजारपेठांनी एकमेकांना जोडलेली आहेत. खाली उतरलात की मोबाइलच्या नकाशातला निळा ठिपका भरकटायला लागतो. जपानी लोकसुद्धा या भागाला गमतीने 'डंजन', म्हणजे व्हिडिओ गेममधलं भुयारी भूलभुलैया, म्हणतात.

पाट्या चांगल्या आहेत, इंग्रजीतही आहेत. अडचण अशी की त्या धडधाकट माणसासाठी आहेत. पिवळ्या पाटीवरचा बाण इमानदारीने दाराशी नेतो आणि दाराशी जिना निघतो. मग बाबागाडीची पुढची चाकं एकाने, मागची दुसऱ्याने, आजी कठड्याला धरून, आणि मागून ऑफिस सुटलेल्यांचा लोंढा. म्हणून बाहेर पडायचं दार शोधूच नका, लिफ्ट शोधा. मेट्रोच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्थानकाचा नकाशा आहे, त्यात लिफ्टची खूण असते. त्याचा फोटो आदल्या रात्री मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. लिफ्ट तुम्हाला हव्या त्या दुकानापासून लांब उघडली तरी चालेल. वर उजेडात आलात की रस्ता ओलांडून जाता येतं.

दुसरं, जेआर स्थानकाची एक बाजू सोडून दुसरीकडे जायचं असेल तर खालून जाऊ नका, वरून जा. दक्षिणेचं दाइमारू आणि उत्तरेचं लुकुआ या दोन मोठ्या दुकान-इमारतींना जोडणारा पूल रुळांच्या वरून जातो. त्याच्याही वर, पाचव्या मजल्यावर, छताखाली मोकळा चौक आहे: तोकी-नो-हिरोबा. तिथे सोनेरी घड्याळ आहे. चुकामूक झाली तर सगळ्यांनी तिथे यायचं, हे हॉटेलातून निघतानाच ठरवा. हान्क्यू स्थानकातल्या मोठ्या टीव्ही-पडद्याखाली भेटू, असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, अर्धं शहर तिथेच कोणाची तरी वाट बघत असतं.

संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात उमेदात पाऊल टाकू नका, माझं याबाबतीत काही ऐकून घ्यायची तयारी नाही. मुलांना पोकेमॉन आणि निन्टेन्डोची दुकानं हवीच असतील (दोन्ही दाइमारूच्या तेराव्या मजल्यावर), तर सकाळी दहाला दुकान उघडताच जा. तिथून जेआरच्या वर्तुळ मार्गाने ओसाकाजो-कोएन स्थानक, मग किल्ला. किल्ल्यावरून उमेदाला परत येऊ नका. किल्ल्याजवळच्या मोरिनोमिया स्थानकाहून मेट्रोची एक गाडी थेट शिन्साइबाशीला नेते.

शाकाहारी असाल तर दशम्या बरोबर असू द्या, साध्या उदोनच्या पातळ रश्श्यातही बहुधा मासा असतो.

शिन्साइबाशीची बाजारपेठ छताखाली आहे, पाऊस आला तरी खरेदी चालू राहते. परदेशी पर्यटकांना खरेदीवर मिळणाऱ्या करमाफीसाठी एका दुकानात एका दिवसात कर सोडून किमान ५,००० येनची खरेदी लागते आणि मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलमधला फोटो नाही. खाऊ आणि सौंदर्यप्रसाधनं सीलबंद पिशवीत मिळतात, ती जपानमध्ये फोडायची नाही. पोरांच्या हाती ती पिशवी देऊ नका. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र पद्धत बदलते: दुकानात करासकट पैसे भरायचे आणि देश सोडताना कस्टम्सच्या तपासणीनंतर कर परत घ्यायचा. तेव्हा विमानतळावर जास्तीचा वेळ हाताशी ठेवा. सुरी घ्यायची तर दोगुयासुजीत, हॉटेलवाल्यांच्या भांड्यांच्या गल्लीत, आणि ती चेक-इन बॅगेतच टाका.

मेट्रोच्या मिदोसुजी मार्गाच्या लाल पट्ट्याच्या गाडीत सहावा डबा कामाच्या दिवशी दिवसभर बायकांसाठी राखीव असतो, आजोबांना त्यात शिरू देऊ नका. सरकत्या जिन्यावर इथे उजवीकडे उभं राहतात, तोक्योत डावीकडे.

दिवे लागले की दोतोनबोरीच्या एबिसुबाशी पुलावरून ग्लिको या खाऊ कंपनीच्या जाहिरात-फलकावरच्या धावपटूचा फोटो काढा आणि निघा. परतताना टॅक्सीवाल्याला दोतोनबोरीजवळच्या भागाचं नुसतं 'नाम्बा' हे नाव सांगू नका, तिथेही तीन-चार स्थानकं आहेत. विमानतळाची गाडी पकडायची असेल तर 'नान्काई नाम्बा' असं पूर्ण नाव सांगा.