अमेरिकन विद्यार्थ्याला कोल्हापूरच्या बाजारात स्वतः खरेदी करायला कसे शिकवावे

शिवाजी विद्यापीठात शिकण्यासाठी, संशोधनासाठी किंवा मराठी भाषेच्या अभ्यासासाठी अमेरिकेतून आलेला विद्यार्थी आपल्या घरी राहायला आला, की आपण कोल्हापूरकर त्याला बसल्या जागी सगळे आणून देतो. साबण संपला, तर घरातला मुलगा धावत जाऊन घेऊन येतो. फळे हवी असतील, तर काकू स्वतःच्या पिशवीतून काढून देतात. यामागे माया असते, पण त्यामुळे तो विद्यार्थी दोन-तीन महिन्यांनंतरही पावशेर टोमॅटो मागू शकत नाही, आणि परगावी एकट्याने राहायची वेळ आली की गांगरतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की पहिल्याच आठवड्यात पिशवी त्याच्या हातात द्यावी. सुरुवातीला आपण बोलावे आणि त्याने ऐकावे, मग त्याने बोलावे आणि आपण मागे उभे राहावे, आणि नंतर त्याला एकट्याला जाऊ द्यावे.

बाहेर पडण्यापूर्वी घरीच किमतीचे गणित समजावून सांगावे, कारण अमेरिकेत ते वेगळे असते. तिथे दुकानात वस्तूवर लिहिलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो; तो पैसे देताना वर लागतो आणि त्याचा दर राज्याराज्यांत, कधी शहराशहरांतही बदलतो. ऑरेगन, माँटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर आणि अलास्का या पाच राज्यांत राज्यपातळीवरचा विक्रीकर नाही, पण इतर ठिकाणच्या माणसाला छापील किमतीपेक्षा थोडे जास्त पैसे हातात काढून ठेवण्याची सवय झालेली असते. आपल्याकडे पाकीटबंद मालावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, सर्व करांसह असते आणि त्याहून अधिक मागणे कायद्याने चूक आहे. ही ओळ पाकिटावर कुठे असते, ते बोट ठेवून दाखवावे. मात्र सुट्ट्या मालावर अशी किंमत नसते. भाजी, फळे, फुले आणि चपला यांचा भाव विचारूनच घ्यायचा असतो. जिथे एमआरपी आहे तिथे घासाघीस करायची नाही, आणि जिथे ती नाही तिथे आधी भाव विचारल्याशिवाय पिशवी पुढे करायची नाही, एवढा एक नियम त्याला पाठ झाला तरी निम्मे काम होते.

दुसरी गोष्ट सुट्ट्या पैशांची. एटीएममधून बहुतेक पाचशेच्या नोटा निघतात, आणि सकाळी सकाळी वीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी पाचशेची नोट पुढे केली, तर भाजीवाल्या मावशींची अडचण होते. नोट मोडायची असेल तर ती मोठ्या किराणा दुकानात किंवा पेट्रोल पंपावर मोडावी आणि दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आता हातगाडीवरही त्याचा फलक टांगलेला असतो. पण भारतीय बँक खाते नसलेल्या परदेशी पाहुण्याला ते लगेच वापरता येत नाही. त्यांच्यासाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ नावाची सोय २०२३ पासून आहे, तरी ती ठरावीक अधिकृत ठिकाणीच मिळते. त्यामुळे पहिले काही दिवस तरी रोख पैशांवरच भिस्त ठेवावी. पैसे उजव्या हाताने द्यावेत, हेही सांगून ठेवावे. कोणी बोलून दाखवणार नाही, पण वयस्कर माणसांना ते बरे वाटते.

वजन आणि तारीख या दोन बाबतींत मुलांचा सर्वाधिक गोंधळ उडतो. अमेरिकेत पाउंड आणि गॅलन चालतात. एक पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, तेव्हा आपला अर्धा किलो त्याच्या एका पाउंडाहून थोडा जास्त, आणि पावशेर त्याच्या अर्ध्या पाउंडाहून थोडा जास्त, असे सांगितले की त्याला अंदाज येतो. तारखेचे मात्र नीट बजावावे लागते. ते लोक आधी महिना आणि मग दिवस लिहितात. पाकिटावर ०५/११ असे छापलेले असेल, तर आपल्यासाठी ती पाच नोव्हेंबर आहे, पण त्याला ती अकरा मे वाटते. ब्रेड, औषध, श्रीखंड, पनीर अशा वस्तूंच्या बाबतीत हा फरक पोटावर बेतू शकतो. म्हणून घरातलीच दोन-चार पाकिटे त्याच्यासमोर ठेवून तारखा वाचून घ्याव्यात.

आता भाजी. सराव करायला लक्ष्मीपुरी किंवा कपिलतीर्थ मंडईसारखी दुसरी जागा नाही, कारण तिथे एकाच वस्तूचे पाच विक्रेते शेजारी शेजारी बसलेले असतात आणि भावाचा अंदाज कानावरच येतो. विद्यार्थ्याला आधी एक फेरी रिकाम्या हाताने मारायला लावावी. पुढचे गिऱ्हाईक काय विचारते, मावशी काय सांगतात आणि शेवटी किती पैसे दिले जातात, हे त्याने ऐकावे. मग त्याने विचारावे, “मावशी, भेंडी कशी दिली?” वयाने मोठ्या बाईंना मावशी किंवा काकू, मोठ्या माणसाला मामा किंवा काका, बरोबरीच्याला दादा किंवा ताई, असे म्हटले की पुढचे बोलणे सोपे होते. अमेरिकन मुलांना अनोळखी माणसाला नात्याने हाक मारायला सुरुवातीला संकोच वाटतो. त्यांना सांगावे, की इथे तो शिष्टाचारच आहे. पालेभाजी पेंढीवर मिळते, मिरची-लिंबू पुष्कळदा वाट्यावर, आणि बाकीचे वजनावर, हेही दाखवून द्यावे. मेथी त्याला लवकर ओळखता येते, पण पोकळा, शेपू, आंबट चुका, वरण्याच्या शेंगा ही नावे हातात भाजी घेऊनच शिकावी लागतात.

आमच्याकडे राहिलेल्या एका विद्यार्थिनीला मी असेच लक्ष्मीपुरीत घेऊन गेलो होतो. तिने भेंडी निवडायला घेतली आणि मोठी, जाड भेंडी गोळा करू लागली. मावशींनी तिच्या हातातली एक भेंडी घेतली, तिचे टोक अंगठ्याने मोडून दाखवले आणि ते कट्कन तुटले नाही म्हणून ती बाजूला टाकली. मग दुसरी, कोवळी भेंडी तशीच मोडायला दिली. बोलणे काहीच झाले नाही, पण मुलीला पुरेपूर समजले आणि तिने सगळी भाजी पुन्हा निवडली. तागडी सारखी झाल्यावर मावशींनी आणखी एक मूठ भेंडी, दोन मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या. आपण पैसे न दिलेला माल पिशवीत आला, या विचाराने ती मिरच्या परत देऊ लागली, तेव्हा मावशी म्हणाल्या, “घे गं पोरी, वरचं हाय ते.” असे वरचे मिळाले की हसून घ्यावे, परत करू नये, हे विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवलेले बरे. एखाद्याने परदेशी चेहरा पाहून भाव चढवला, तर वाद घालू नये. “जरा बघून येतो” म्हणून शेजारच्याकडे जावे. पण पेंढीमागे दोन रुपये कमी करण्यासाठी उन्हात बसलेल्या बाईशी हुज्जत घालायला मी कोणत्याही विद्यार्थ्याला शिकवणार नाही. आणि कापडी पिशव्या नेहमी दोन ठेवाव्यात, एक टोमॅटो आणि केळ्यांसाठी, दुसरी बाकीच्या भाजीसाठी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे.

किराणा दुकानात अडचण वेगळीच येते. तिकडच्या सुपरमार्केटमध्ये माणूस न बोलता सगळे सामान गाडीत भरतो आणि शेवटी रांगेत उभा राहतो. आपल्या पेठेतल्या दुकानात फळीच्या पलीकडे दुकानदार असतो, माल त्याच्या मागे असतो, आणि रांग अशी नसतेच. अमेरिकन विद्यार्थी सभ्यपणे मागे उभा राहून आपल्या पाळीची वाट पाहतो, आणि त्याच्या पुढे चारजण सामान घेऊन निघून जातात. हा त्याचा अपमान नसतो. आपण आलो आहोत हे त्याने दुकानदाराला कळवायचे असते. पुढे सरकून, नजर मिळवून “मामा, अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो तूरडाळ द्या” असे स्पष्ट म्हणण्याचा सराव घरी करून घ्यावा. पहिल्या वेळी यादी मराठीत लिहून द्यावी, पण ती दुकानदाराच्या हाती न देता वाचून दाखवायला सांगावी. शाकाहारी विद्यार्थ्याला पाकिटावरची हिरव्या ठिपक्याची खूण दाखवून ठेवावी. तांदळाचे प्रकार पाहून तो गोंधळेल. त्याला आपल्या जिल्ह्यातला आजरा घनसाळ एकदा तरी आवर्जून घ्यायला लावावा, कारण असा वास असलेला तांदूळ त्याने सहसा खाल्लेला नसतो.

दूध-अंड्यांच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते. तिकडे दुधाचे मोठे कॅन आठवडाभर फ्रीजमध्ये राहतात, इथे अर्ध्या लिटरची पिशवी येते आणि ती त्याच दिवशी तापवायची असते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. ते दृश्य त्याला अवश्य दाखवावे, पण कच्च्या दुधाची सवय नसलेल्या पोटाला ते तसेच प्यायला देऊ नये. घरी आणून उकळून द्यावे. अंडी आपल्याकडे उघड्यावर ठेवलेली पाहून ही मुले दचकतात. अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, त्यामुळे कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि ती थंडच ठेवावी लागतात, हे कारण सांगितले की त्यांची शंका फिटते. मटणाच्या दुकानात मात्र त्याला लगेच पाठवू नये. आपल्याबरोबर एखाद्या रविवारी न्यावे, आणि त्याला पाहवत नसेल तर आग्रह करू नये.

मेडिकलमध्ये जाण्यापूर्वी औषधाच्या मूळ नावाची चिठ्ठी जवळ ठेवायला सांगावी, कारण तिकडची कंपन्यांची नावे इथे चालत नाहीत आणि काही मूळ नावेही वेगळी आहेत. ते ज्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात ते आपले पॅरासिटामॉल, आणि दम्याचे अल्ब्युटेरॉल म्हणजे आपले साल्ब्युटामॉल. ज्याला दमा किंवा ॲलर्जी आहे त्याच्या घरच्या यजमानांनी तर हे आधीच लिहून ठेवावे. तिकडे गोळ्यांची मोठी बाटली मिळते, इथे पट्टी मिळते. पट्टीतल्या थोड्याच गोळ्या कापून घेतल्या, तर मुदतीची तारीख असलेला भाग कोणाकडे राहिला ते पाहावे. मुलींना टॅम्पॉन लहान दुकानांत सहसा मिळत नाहीत, ते घरातल्या बाईमाणसाने मोकळेपणाने सांगावे आणि ऑनलाइन मागवून द्यावेत.

चप्पल घ्यायला प्रत्येकजण उत्सुक असतो. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये जाण्यापूर्वी त्याला एवढे सांगावे, की कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून आहे. खरी चप्पल वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेल्या कातड्याची असते. तळ वाकवून पाहावा, शिवण पाहावी, वास घ्यावा. रेक्झिन लगेच ओळखू येते. अमेरिकेतला पुरुषांचा ९ नंबर म्हणजे इथला साधारण ८, आणि बायकांचा ८ म्हणजे इथला साधारण ६, पण हाताने केलेल्या चपलेत नंबरावर विसंबू नये, दोन्ही पाय घालून चार पावले चालून पाहावे. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. आतून थोडे तेल लावून घरातच वापरावी आणि पावसाळ्यात अजिबात घालू नये. गूळ घ्यायचा तर शाहूपुरीत न्यावे आणि फार पिवळाधमक गूळ न घेता थोडा गडद रंगाचा चाखून घ्यावा. कोल्हापुरी गुळालाही २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे.

विजेच्या वस्तूंपैकी ज्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, त्याला फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. पण तिकडचा १२० व्होल्टचा केस वाळवण्याचा ड्रायर आपल्या २३० व्होल्टवर लावला तर जळतो, तो इथेच नवा घ्यावा.

राहता राहिला माल परत करण्याचा प्रश्न. तिकडच्या मोठ्या दुकानांत वस्तू आवडली नाही एवढ्या कारणावरूनही ती पावती दाखवून परत करता येते, आणि आपल्याकडेही तसेच असेल असे हा विद्यार्थी गृहीत धरतो. कपडे घेताना “बदलून मिळेल का आणि किती दिवसांत?” हे पैसे देण्यापूर्वी विचारायला त्याला शिकवावे. मात्र माल सदोष निघाला, तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा त्यातच मोडते. तेव्हा चपलेपासून चार्जरपर्यंत प्रत्येक वस्तूचे बिल त्याने मागून घ्यावे, त्यावर दुकानाचे नाव आणि तारीख आहे का ते तिथेच वाचावे, आणि फोनवर त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण छापील पावतीवरची शाई थोड्याच दिवसांत उडून जाते.