पिक्चर दाखवून इंग्रजी शिकवताय? मग या चुका टाळा

मी सुरुवातीला काय करायचो, तर अख्खा दोन तासांचा पिक्चर लावायचो आणि मागे जाऊन बसायचो. पोरं खूश, मी पण खूश, आणि दुसऱ्या दिवशी नवीन शब्द विचारले की सगळे एकमेकांकडे बघणार. स्टोरी मात्र तोंडपाठ! ती तर आवाज बंद करून पण कळते, त्यामुळे 'पुढे काय झालं' असले प्रश्न विचारून कॉम्प्रिहेन्शन तपासलं असं समजू नका. दोन-तीन मिनिटांचा एकच सीन घ्या, भरपूर बोलणं असलेला, मारामारीचा नको.

सबटायटलमध्ये तर बहुतेक जण फसतात. मातृभाषेतले लावले की डोळे खाली चिकटतात आणि कान सुट्टीवर जातात. इंग्रजी लावा, पण पहिल्यांदा बंद, दुसऱ्यांदा चालू, तिसऱ्यांदा परत बंद. एकदा पहिल्या फेरीत एक मुलगा म्हणाला, सर ते 'व्हॉचा गॉना' म्हणजे काय, डिक्शनरीत सापडत नाहीये. सबटायटल लावल्यावर दिसलं 'व्हॉट आर यू गोइंग टू', आणि तो म्हणतो, अरे हे तर येतं मला! म्हणजे वाचून कळतंय पण ऐकून नाही, तर शब्दांची यादी देऊन उपयोग नाही, तेच वाक्य चार वेळा ऐकवा आणि बोलून घ्या. वाचूनही कळत नसेल तरच शब्द कमी पडतायत. आणि हो, सबटायटलमध्ये जागेसाठी डायलॉग बरेचदा छोटा करतात, त्यामुळे मुलांना देण्याआधी स्वतः एकदा जुळवून बघा.

दर शब्दाला पॉज करणं ही पण चूकच, सगळी मजा जाते. वेब आणि रॉजर्स या भाषा-संशोधकांनी 2009 मध्ये 318 पिक्चरचे संवाद तपासले, त्यात नेहमीची 3000 शब्दकुळं (म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं) आणि विशेषनामं माहीत असली की साधारण 95 टक्के शब्द ओळखीचे निघतात. तेवढी नसलेल्या मुलांना तुम्ही सीनमागे तीस शब्द दिलेत तर झालंच कल्याण! पाच-सहा बास, तेही सुटे नाही, ज्या वाक्यात आले त्या वाक्यासकट वहीत लिहून घ्या, आणि आठवड्याने तोच सीन आवाज बंद करून लावा आणि डायलॉग मुलांना म्हणू द्या.

कधीकधी प्रॉब्लेम इंग्रजीचा नसतोच, स्पीकरचा असतो. लेक्चरच्या आधी शेवटच्या बाकावर बसून एकदा ऐकून बघा.