सोसायटीच्या सांडपाण्यातील औषधांचे अंश काढण्यासाठी कार्बन फिल्टर कसा चालवावा

गृहनिर्माण संस्थेच्या एसटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून) बाहेर पडणारे पाणी नितळ दिसत असले आणि त्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असला, तरी त्यात औषधांचे अंश असू शकतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांचा बहुतांश भाग एरेशन टाकीतील (हवा सोडून सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीतील) जिवाणू संपवतात. अपस्मारावरील कार्बामाझेपिन मात्र जवळजवळ जसेच्या तसे पुढे जाते आणि वेदनाशामक डायक्लोफिनॅकही बऱ्याच प्रमाणात उरते. ही द्रव्ये अडवण्याचा सोसायटीला झेपणारा मार्ग म्हणजे दाणेदार अॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांत अशी द्रव्ये धरून ठेवणारा कोळसा.

आधीच्या टप्प्यांची घडी नीट बसल्याशिवाय कार्बनवर खर्च करू नये. गाळ वाहून येत असेल तर थर तुंबतो, आणि साधे सेंद्रिय पदार्थ जास्त असतील तर तेच कार्बनच्या छिद्रांत जागा अडवतात. म्हणून एरेशन अखंड चालू ठेवावे आणि सँड फिल्टरचे बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणे) वेळच्या वेळी करावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा संपर्ककाळाचा, म्हणजे पाणी कार्बनच्या थरात किती वेळ राहते याचा आहे. वास आणि रंग घालवण्यापुरत्या बसवलेल्या फिल्टरमधून पाणी अवघ्या काही मिनिटांत निघून जाते. औषधांचे अंश धरून ठेवण्यासाठी साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. हिशेब सोपा आहे: ताशी ५ घनमीटर प्रवाह असेल आणि १५ मिनिटे हवी असतील, तर कार्बनचा थर १.२५ घनमीटर हवा. मोठी टाकी बसवायला जागा नसेल, तर पंप दिवसातून थोडे तास जोरात चालवण्याऐवजी बराच वेळ मंद चालवावा. प्रवाह निम्मा केला की त्याच टाकीत संपर्ककाळ दुप्पट होतो. एवढा बदल पुष्कळ ठिकाणी एक पैसाही न खर्चता करता येतो, तरीही तो सहसा कोणी सुचवत नाही.

क्लोरीन नेहमी कार्बननंतर द्यावे, कारण आधी दिलेले क्लोरीन कार्बनच नष्ट करतो आणि सेंद्रिय पदार्थांशी त्याचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नवी घातक रसायने तयार होतात.

कार्बनची धरून ठेवण्याची क्षमता संपली हे टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवरून कळत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर २५४ नॅनोमीटरला अतिनील शोषण (पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये त्या तरंगलांबीचा किती अतिनील प्रकाश शोषतात ते) मोजून दोन आकड्यांतील फरक नोंदवत राहावे. तो आटू लागला की दोन्ही ठिकाणचे नमुने कार्बामाझेपिन व डायक्लोफिनॅकच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत द्यावेत. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांना अशा सूचक द्रव्यांचे सरासरी ८० टक्के प्रमाण काढणे बंधनकारक आहे. आपणही येणारे कच्चे सांडपाणी आणि बाहेर पडणारे पाणी यांची तुलना करून तेच लक्ष्य ठेवावे.

कार्बन बदलताना माणसाला टाकीत उतरू देऊ नये. ओला कार्बन बंद जागेतील ऑक्सिजन शोषून घेतो, त्यामुळे वास किंवा धूर नसतानाही आत जीव गुदमरतो. हे काम प्रशिक्षित कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि वापरलेला कार्बन अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा.

ओझोनही ही औषधे वेगाने तोडतो. परंतु त्यातून निघणाऱ्या तुकड्यांसाठी त्यानंतर जैविक फिल्टर लागतो आणि पाण्यात ब्रोमाइड असल्यास ब्रोमेट हे घातक द्रव्य तयार होते, म्हणून प्रशिक्षित ऑपरेटर नसलेल्या सोसायटीने त्या वाटेला जाऊ नये.

कार्बनने सगळे थांबत नाही. काही एक्स-रे कॉन्ट्रास्ट द्रव्ये (तपासणीत अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून दिली जाणारी) आणि पीएफएएस या सहज न विघटणाऱ्या कृत्रिम रसायनांच्या गटातील आखूड साखळीची रसायने लवकर पार होतात. म्हणून हे पाणी फ्लश आणि बागेपुरतेच ठेवावे, त्याच्या नळजोडण्या वेगळ्या रंगाच्या असाव्यात आणि प्रत्येक प्लंबिंगच्या कामानंतर त्या पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला जोडल्या गेल्या नाहीत ना, हे तपासून घ्यावे.