.२२ रायफलीसाठी काडतुसांचा लॉट कसा पारखावा

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून नेमबाजी) कांस्यपदक मिळवल्यापासून कोल्हापुरात या प्रकाराकडे वळणाऱ्या मुलांची पहिली शंका खर्चाची असते: काडतुसे घरी भरता येतील का? येत नाहीत. या प्रकारात लागणाऱ्या .२२ च्या (०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) काडतुसात ठिणगी पाडणारे मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिनने ती कड एकदा चेपली, की पुंगळी निकामी होते. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे विनापरवाना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. नेमबाजाच्या हाती राहते ती निवड, आणि ती ब्रँड पाहून नव्हे, तर आपल्या रायफलीत लॉट, म्हणजे एकाच क्रमांकाची, एकत्र बनलेली काडतुसांची खेप, चालवून पाहून करायची असते.

याचे कारण काडतुसाच्या पोटात आहे. सुमारे २.६ ग्रॅम वजनाच्या गोळीमागे झपाट्याने जळणारी दारू अगदी अल्प प्रमाणात असते, त्यामुळे दारूत किंवा कडेतल्या मिश्रणात किंचित फरक पडला तरी तो लगेच वेगात उतरतो. वेग सेकंदाला साधारण ३२० मीटर धरला आणि दोन गोळ्यांत १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर त्या एकमेकींपासून ७ ते ८ मिलिमीटर खाली-वर लागतात. लक्ष्यावरच्या एका वलयाची रुंदी ८ मिलिमीटर आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ६०० पैकी ५९७ गुण घेऊन प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून नेमबाजी करण्याच्या प्रकारात, विश्वविजेतेपद मिळवले. साठ गोळ्यांत तीनच गुण गमवायचे, तर काडतुसाने गुण खाऊन चालत नाही.

चाचणीसाठी तीन-चार वेगवेगळ्या लॉटची प्रत्येकी दोन खोकी घ्यावीत आणि वारा उठण्याआधी, सकाळी लवकर बसावे. नळी शिकंज्यात पकडण्याची सोय असेल तर उत्तमच. नसेल तर स्लिंग (रायफल स्थिर धरणारा हाताचा पट्टा) लावून प्रोनमध्येच, पण सर्व लॉट एकाच बैठकीत चालवावेत. लॉट बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजणीत धरू नयेत, कारण नळीत आधीच्या गोळ्यांचे वंगण असते. त्यानंतर साइटला (नेम धरण्याच्या साधनाला) हात न लावता दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रूप, म्हणजे छिद्रांचे घोळके, चार वेगळ्या कागदांवर मारावेत. पाच गोळ्यांचा ग्रूप फार फसवतो. मी स्वतः एकदा अशाच एका देखण्या ग्रूपवर भाळून दहा खोकी उचलली आणि पुढचा महिनाभर माझ्या श्वासातच दोष आहे असे समजून तो सुधारत बसलो.

मोजताना कॅलिपरने दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून गोळीच्या व्यासाचे ५.६ मिलिमीटर वजा करावेत. पण केवळ आकड्यावर थांबू नये. चारही कागदांची केंद्रे जुळवून, एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरावेत: चाळीस छिद्रांच्या जागा उजळ दिसतात आणि लॉटचा स्वभाव दिसतो. छिद्रे उभ्या रेषेत पसरली असतील तर वेगाविषयी शंका घ्यावी, आडवी पसरली असतील तर आधी वाऱ्याविषयी. उरलेल्या घोळक्यापासून एकच छिद्र दूर गेले असेल, तर ‘हात हलला असेल’ म्हणून ते सोडून देण्याचा मोह होतो. ट्रिगर सुटताना ती चूक खरोखर जाणवली असेल आणि त्याच क्षणी वहीत नोंदवली असेल, तरच ते सोडावे. माझ्या मते, एका सुरेख ग्रूपपेक्षा चार सारखे ग्रूप देणारा लॉट केव्हाही चांगला.

निवड झाली की परवान्याच्या मर्यादेत त्याच क्रमांकाचा साठा लगेच घ्यावा, कारण संपलेला लॉट पुन्हा मिळत नाही. खोकी कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवावीत. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत ती राहिली तर गोळीवरचे मेणचट वंगण मऊ पडते. नवा लॉट पारखेपर्यंत जुन्याची निदान दोन खोकी शिल्लक असू द्यावीत, म्हणजे तुलना त्याच सकाळी, त्याच हवेत करता येते.