यामाशिताची कारकीर्द सांगताना या चुका टाळा

ज्युदोच्या वर्गात मुलांना जपानी ज्युदोपटू यासुहिरो यामाशिताची गोष्ट सांगायची असो की त्याच्यावर लेख लिहायचा असो, त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा भेटतात. इतक्या मोठ्या खेळाडूची नोंद तरी चोख असावी, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'लॉस एंजेलिस 1984, हेवीवेट सुवर्ण'. यामाशिताचं सुवर्ण खुल्या गटातलं, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या गटातलं आहे. 95 किलोवरील गटाचं सुवर्ण त्या वर्षी हितोशी साइतोने घेतलं, 1988 ला सोलमध्येही त्यानेच. घोळ का होतो तेही कळतं. यामाशिताने 1979, 1981 आणि 1983 ची जागतिक विजेतेपदं 95 किलोवरील गटातच मिळवली; 1981 ला खुला गटही मारला. 1984 नंतर खुला गट ऑलिम्पिकमधून गेला, त्यामुळे असा गट होता हेच अनेकांना माहीत नसतं. पदकाच्या वर्षासोबत गट लिहाच.

'सलग 203 विजय' हेही अर्धवट आहे. 1977 ते 1985 या काळात 203 विजय आणि 7 बरोबरी, हार एकही नाही, असं लिहा. फ्रान्सचा ज्युदोपटू टेडी रिनेरच्या सलग 154 विजयांशी तुलना करताना नियमांतला फरक विसरू नका. आता लढत बरोबरीत सुटतच नाही.

त्या सात बरोबरींपैकी एक 1980 ची. जपानच्याच सुमिओ एंदोने कानी-बासामी घातली, म्हणजे दोन्ही पायांच्या कात्रीत पकडून पाडण्याचा डाव, आणि यामाशिताच्या डाव्या पायाचं हाड मोडलं. हा डाव आता स्पर्धेत बंद आहे. यावरून 'दुखापतीमुळे मॉस्को ऑलिम्पिक हुकलं' असं कुणी लिहितं. तसं नाही. जपानने मॉस्कोवर बहिष्कार घातला होता.

आता लॉस एंजेलिसची अंतिम लढत. आधीच्या एका फेरीत यामाशिताची उजवी पोटरी दुखावली. उपांत्य फेरीत फ्रान्सच्या देल कोलोम्बोने त्याला ओसोतो-गारीने, म्हणजे पायाने पाय झाडून मागे पाडण्याच्या डावाने, पाडून गुण घेतला. तिथून सावरून तो जिंकला. अंतिम फेरीत समोर इजिप्तचा मोहम्मद राशवान. राशवानने दुखरा पाय लक्ष्य केला नाही असं मानून त्याला फेअर प्ले पुरस्कार मिळाला, हे खरं. पण त्यावरून 'राशवानने लढत सोडून दिली' असं सांगणं दोघांवरही अन्याय आहे. राशवान जिंकायलाच उतरला होता. यामाशिताने त्याला खाली घेतलं आणि योको-शिहो-गातामेत, म्हणजे बाजूने दाबून धरण्याच्या पकडीत, असं दाबून धरलं की सुटका झाली नाही. लढत जेमतेम मिनीटभरात आटोपली. नंतर पदकमंचावर चढायला राशवाननेच त्याला हात दिला.

शिकणाऱ्यांची चूक वेगळी असते. यामाशिता डाव्या बाजूने लढायचा: डावा हात कॉलरवर, उजवा बाहीवर. ओसोतो-गारी मारताना उजवा पाय प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला रोवायचा आणि डाव्या पायाने त्याचा डावा पाय झाडायचा. म्हणजे सगळा भार उजव्या पायावर. 1984 ची ती पोटरी इतकी महत्त्वाची का होती, ते इथे समजतं. उजव्या हाताची मुलं व्हिडिओ पाहून तसंच करायला जातात आणि पाय अडखळतात. त्यांना आधी बाजू उलटून दाखवा. डावखुऱ्या मुलांना मात्र व्हिडिओ आहे तसाच लावून द्या.