आधारला जायच्या आधी हातांकडं बघा

चपला शिवून शिवून आमच्या आत्तीच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्यात. मशीन ठसा घेईना. तुमच्याही घरात ऊसतोडीची, गुऱ्हाळावरची माणसं असतील, तर आधार नोंदणीआधी चार-आठ दिवस रात्री त्यांच्या हातांना खोबरेल चोळा. सकाळी मात्र साबणानं धुऊन, कोरडे करूनच न्या. दहाही बोटं आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं घेतात, त्यामुळं एखादं बोट उमटलं नाही म्हणून परत फिरू नका. स्क्रीनवरचं मराठी नाव अक्षर न् अक्षर वाचा, ‘पाटील’चं ‘पाटिल’ तिथंच सुधारून घ्या. नवीन नोंदणीला पैसे लागत नाहीत. पावतीवरचा 14 अंकी क्रमांक आणि तारीख-वेळ जपा. अडलं तर 1947 ला फोन लावा.